दाभाडे मॅडम आणि दुधातला उजेड

तासिका तत्त्वावरच्या नोकरीसाठी ती माझी तिसरी मुलाखत होती. टेबलापलीकडं चार जण बसले होते. तिघांनी मला प्रबंधाबद्दल विचारलं, म्हणजे प्रबंधाचं नाव विचारलं आणि ते चहाकडं वळले. चौथ्या खुर्चीत एक बुटक्या, सावळ्या बाई होत्या. सुती साडी, वर पांढरा कोट, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझ्या फाइलीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकदम म्हणाल्या, "घरी दही कोण लावतं?"

"आई."

"कधी लागलं नाही, असं होतं का?"

"होतं कधी कधी."

"मग आई काय करते?"

"शेजारून दुसरं विरजण आणते."

बाई खुर्चीत मागं रेलल्या आणि शेजारच्या सरांना म्हणाल्या, "बघा सर. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., आणि ही बी विरजणालाच दोष देती. दुधाला कुणी काही विचारतच नाय."

नोकरी गेली असं समजून मी मुकुंदवाडी स्टेशनावर जाऊन घरी जायला जालन्याची गाडी धरली. आठ दिवसांनी नेमणुकीचा फोन आला. पुढं ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, "मॅडम, माझं उत्तर चुकलं होतं, तरी मला का घेतलं?"

"तू 'होतं कधी कधी' म्हणालीस. बाकीच्या चौघींच्या घरी दही कायम घट्ट लागतं म्हणे. खोटारड्या."

डॉ. प्रमिला दाभाडे यांची आणि माझी गाठ अशी दह्यावरून पडली, आणि त्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली मी जी सहा वर्षं काढली, ती बहुतेक सगळी दुधातच गेली.

दही न लागण्याचं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. गाय आजारी पडली की तिला अँटिबायोटिकची सुई देतात. ते औषध पुढं काही दिवस दुधात उतरतं. त्या दुधाला विरजण लावलं की विरजणातले जिवाणूच मरतात, मग दही लागणार कसं? दही लागलं नाही तर निदान आपल्याला कळतं. पण त्याच दुधाचा चहा केला, तेच पोरांना पाजलं, तर काही कळत नाही. थोडं थोडं औषध रोज पोटात जात राहतं आणि पोटातले रोगजंतू त्याला सरावत जातात. मग ज्या दिवशी खरंच औषध लागतं, त्या दिवशी ते लागू पडत नाही.

"म्हणून मला दुधाशी बोलणारं कुणीतरी पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि मला जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेल्या.

ती खोली पूर्वी मोडक्या स्टुलांची होती. मॅडमनी स्टुलं बाहेर काढून खिडकीला काळ्या कागदाचे तीन थर लावले होते आणि दाराच्या फटीत जुन्या सतरंजीच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. भर दुपारी बाराला तिथं स्वतःचा हात दिसायचा नाही. आत जाण्यापूर्वी मोबाइल बाहेरच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा. मग स्टुलावर गप्प बसून राहायचं. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं दाभाडे मॅडम न बोलता बसायच्या, आणि आख्ख्या दिवसातली त्यांची न बोलण्याची तेवढीच दहा मिनिटं असायची.

मग हळूहळू दिसायला लागलं. समोरच्या स्टँडमधल्या सहा काचेच्या नळ्यांपैकी दोन निळसर हिरव्या उजळल्या होत्या. अगदी मंद. सरळ रोखून पाहिलं की नाहीशा व्हायच्या, जरा बाजूला नजर वळवली की पुन्हा दिसायच्या.

"जिवाणू आहेत," अंधारातून मॅडमचा आवाज आला. "टेट्रासायक्लिन नावाचं औषध जवळ आलं की ह्यांच्या अंगात एक घंटी वाजते, जीव वाचवायला. कुणा शहाण्यानं त्या घंटीच्या जागी दिवा बसवला. दुधात औषध असलं तर दिवा लागतो. नसलं तर अंधार."

"म्हणजे उजेड वाईट?"

"आपल्या धंद्यात अंधार पडला की पेढे वाटायचे, पोरी."

हे जिवाणू त्यांना दुसऱ्या शहरातल्या एका संशोधक मैत्रिणीनं रीतसर परवानगीनं दिले होते. दुधात किती औषध असलं तर किती उजेड पडतो, उन्हाळ्याच्या दुधात आणि पावसाळ्याच्या दुधात काय फरक पडतो, दूध नासत आलं असेल तर दिवा फसवतो का, हे सगळं शोधून काढायचं काम मॅडमनी अंगावर घेतलं होतं. डोळ्यांवर भिस्त नको म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांकडून एक यंत्र करून घेतलं होतं. पत्र्याची एक जुनी पेटी होती, तिला आतून काळा रंग, वर उजेड मोजणारा सेन्सर, बाहेर आकडा. कागदावर आम्ही त्या आकड्याचीच नोंद करायचो. पण आलेल्या माणसाला मॅडम खोलीत बसवून डोळ्यांनीच दाखवायच्या. "आकड्यावर लोक वाद घालत्यात. दिव्यावर कोण घालणार?"

एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. जिवाणू प्रयोगशाळेबाहेर न्यायचे नाहीत. काम झालं की प्रत्येक नळीत ब्लीच. एकदा प्राचार्य म्हणाले, गावातल्या प्रदर्शनात दोन नळ्या ठेवू या, कॉलेजचं नाव होईल. मॅडम म्हणाल्या, "सर, हे आपल्याकडं आलेले पाहुणे आहेत. पाहुण्यांना गावभर हिंडवायचं नसतं. गावाला इथं बोलवा."

स्वभावानं बाई बोलघेवड्या आणि चौकस. कुणी काहीही ठामपणे म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "कंट्रोल कुठाय?" कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली नळी, जिच्यात काही केलेलं नसतं. शिपाई म्हणाला, नवीन पंखा लावल्यापासून डोकं दुखतं. मॅडम म्हणाल्या, "आठवडाभर जुन्या पंख्याखाली बस, मग सांग." माझं बघण्याचं चाललं होतं तेव्हा मी त्यांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून पाहिला. म्हणाल्या, "चांगला दिसतोय. पण एकच सँपल बघून निकाल लावू नको." मी आणखी दोन मुलगे पाहिले आणि पहिल्यालाच होकार दिला. लग्नात त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची निवड शास्त्रीय पद्धतीनं झालीय बरं का." त्याला अजून त्याचा अर्थ कळलेला नाही.

स्वतः त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "सँपल वेळेत पोचलं नाय." आणि स्वतःच मोठ्यानं हसायच्या.

मुकुंदवाडीत स्टेशनाच्या अलीकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पाच वाट्यांत पाच ठिकाणच्या दुधाचं दही लागायचं. प्रत्येक वाटीवर जखमेच्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेननं नाव. पाचवी वाटी नेहमी 'दादा'ची असायची. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, उत्तमराव. शेंद्र्याच्या बाजूला त्यांचं शेत आणि चार गाई. दर दोन दिवसांनी गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती दादांची किटली यायची. मॅडम दहावीत असताना वडील गेले. दादांनी शिक्षण सोडलं, गुरं सांभाळली आणि बहिणीला शिकवलं. बारावीच्या परीक्षेला रोज सायकलवर डबलसीट घेऊन यायचे. पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली उभे राहायचे आणि ती बाहेर आली की एकच विचारायचे, "सगळं लिहिलंस ना?" हे सांगताना मॅडमचा आवाज जरा हळू व्हायचा. "त्या गाईंच्या दुधावर शिकले मी," त्या म्हणायच्या. "माझी डॉक्टरेट शेणामुतातून वर आलीय."

प्रयोगशाळेत आमच्याबरोबर तिसरे होते शेखचाचा, परिचर. तीस वर्षं नळ्या धुऊन त्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या. जिवाणूंना ते जुगनू म्हणत. सकाळी मॅडम आल्या की दारातच सांगायचे, "मॅडम, आपके जुगनू अच्छे सोए रात को."

ह्या शेखचाचांनी एकदा आमची पाचावर धारण बसवली. बाहेरगावाहून तपासणी समिती यायची होती. पुढच्या तीन वर्षांचं काम त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. पाच मोठी माणसं काळ्या खोलीत स्टुलांवर दाटीवाटीनं बसली. एकाच्या मनगटावर रेडियमच्या काट्यांचं घड्याळ चमकत होतं. मॅडमनी त्यांना ते सरळ काढून खिशात ठेवायला लावलं. दहा मिनिटं झाली. बारा झाली. सगळीकडं अंधार. ज्या नळीत आम्ही मुद्दाम औषध घातलं होतं, तीही काळीठिक्कर.

"डॉक्टर दाभाडे," अध्यक्ष म्हणाले, "मला तरी अंधारच दिसतोय."

मॅडमनी दाराच्या दिशेनं हाक मारली, "शेखभाई, नळ्यांची झाकणं कुणी आवळली?"

दारापलीकडून उत्तर आलं, "मैंने, मॅडम. साब लोगां आने वाले थे ना, एकदम टाइट कर दिया. धूल नको जाना बोलके."

"सर," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या समोरची नळी उचला. झाकण सैल करा. आता हलवा. जोरात हलवा, लाजू नका."

अध्यक्षांनी नळी हलवली आणि त्यांच्या मुठीत निळा उजेड फुलला. ह्या जिवाणूंना दिवा लावायला हवा लागते. झाकणं आवळल्यामुळं बिचाऱ्यांचा श्वास कोंडला होता. नळी हलवली की हवा मिसळते आणि उजेड भडकतो. थोडा वेळ ठेवली की मंदावतो. पुढची पंधरा मिनिटं ते पाचही गृहस्थ काळ्या खोलीत नळ्या हलवत बसले होते, खुळखुळे मिळाल्यासारखे. शेरा उत्तम मिळाला. शेखचाचांना मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमच्यामुळं त्यांना काहीतरी करायला मिळालं. पुढच्या वेळी बी आवळा." पुढं आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर झाकणं आवळलेलीच असायची.

पण दाभाडे मॅडम म्हटलं की मला ती दुपार आठवत नाही. मला कडूबाईची दुपार आठवते.

एका सकाळी प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, हातात दुधाची किटली, चेहऱ्यावर धूळ. शेअर रिक्षा बदलत बदलत आली होती. "ती उजेडवाली बाई कुठंय?" तिनं विचारलं.

तिचं नाव कडूबाई. मॅडमच्याच गावची. एकटी राहणारी, एक गाय, आणि त्या गाईचं दूध गावच्या संकलन केंद्रावर घालून चाललेलं घर. पंधरा दिवसांत गावाचं दूध तीनदा शीतकरण केंद्रातून परत आलं होतं. तिथल्या तपासणीत अँटिबायोटिक निघालं होतं. पण तिथं पोचेपर्यंत सगळ्यांचं दूध एका टाकीत मिसळलेलं, मग कुणाचं ते कसं कळणार? एकेकाचं तपासायची सोय गावात नव्हती. गावानं आपली नजर फिरवली आणि ती कडूबाईवर येऊन थांबली. ती किटली धुवायला कसलीशी पांढरी पावडर वापरते, हे कुणीतरी पाहिलं होतं. संकलन केंद्राच्या सेक्रेटरीनं तिचं दूध घेणं बंद केलं.

"धुण्याचा सोडा हाय तो," कडूबाई म्हणाली. "पण माझं कोण ऐकतं? मंग तुमचं दादा म्हणलं, कडे, अशी रडू नको, माझ्या बहिणीकडं जा. ती खरं काय ते काढंल."

मॅडमच्या चेहऱ्यावर अभिमान पसरला. "दादा म्हणाला व्हय?"

कडूबाईच्या दुधात उजेड पडला नाही. मॅडमनी तसं लिहून दिलं. दोन दिवसांनी निरोप आला: सेक्रेटरी म्हणतो, बाईनं दुसऱ्याच गाईचं दूध नेलं असंल.

"बरोबर आहे त्याचं," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, त्या चिडतील. "एकटीचं तपासलं, बाकीच्यांचं कुठाय? कंट्रोलच नाय." आणि त्यांनी फोन उचलून सेक्रेटरीला सांगितलं, की केंद्रावर दूध घालणाऱ्या सगळ्यांचं दूध बर्फात ठेवून घेऊन या. बाटल्यांवर नावं नकोत, फक्त आकडे. कुठला आकडा कुणाचा, तो कागद तुमच्या खिशात ठेवा. मला दाखवू नका. "आणि माणसं बी घेऊन या. ज्याला बघायचंय त्यानं बघावं."

जीप भरून माणसं आली. प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांनी रिवाजानं चपला काढल्या. मॅडम धावत आल्या. "घाला, घाला! हे देऊळ नाय. इथं काच फुटती, अॅसिड सांडतं. अनवाणी माणसाला आत प्रवेश नाय." सगळे पुन्हा चपला घालताना जी हसाहसी झाली, त्यात दादाही होते. उंच, वाळके, पांढरी टोपी. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी भिंतीवरच्या बहिणीच्या प्रमाणपत्राखाली उभं राहून ते शेजारच्याला वाचून दाखवलं.

अठरा बाटल्या होत्या. नळ्या लागल्या. जिवाणूंना कामाला दोन तास लागतात, तोवर चहा झाला. मग जेवढी मावली तेवढी माणसं काळ्या खोलीत बसली. कडूबाई पुढं, तिच्यामागं दादा, सेक्रेटरी दाराशी. दहा मिनिटं कुणाचा तरी घसा खाकरल्याचा तेवढा आवाज. मग कुणीतरी म्हणालं, "त्ये बघा. लई देखणं दिसतंय राव."

एकच नळी उजळली होती. मॅडमनी बोटांनी चाचपून स्टँडमधली जागा मोजली. "अकरा."

बाहेर येऊन सेक्रेटरीनं खिशातला कागद उलगडला. पाहिला, पुन्हा पाहिला आणि घडी घालायला लागला.

"वाचा की," मॅडम म्हणाल्या.

"अकरा..." त्यानं मॅडमकडं पाहिलं. "उत्तमराव दाभाडे."

दादांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मशीन बिघडलं असंल," ते म्हणाले.

मला मॅडमचा चेहरा दिसत होता. अजूनही वाट होती. 'व्हय, बिघडलं असंल' एवढं म्हटलं असतं, तर सगळे खुशीनं जीपमध्ये बसून गेले असते. सेक्रेटरीलाही तेच हवं होतं.

"बिघडू शकतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून पुन्हा लावते. सगळ्यांच्या समोर लावते. थांबा."

अकरा नंबरच्या बाटलीतून तीन नळ्या भरल्या, कडूबाईच्या बाटलीतून तीन. पुन्हा दोन तास. ते दोन तास मी विसरणार नाही. माणसं व्हरांड्यात बसून राहिली. दादा एकटे जिन्याच्या पायरीवर. मॅडमनी आपल्या हातानं चहा नेला, त्यांनी तो शेजारी ठेवला आणि तो तसाच गार झाला. दुसऱ्या खेपेला काळ्या खोलीत दादा सर्वांत पुढं बसले. कडूबाईच्या तीनही नळ्या अंधारातच राहिल्या. दादांच्या तीनही उजळल्या.

"दादा," अंधारातच मॅडमनी विचारलं, "गाईला सुई दिली का?"

दादांचं स्टूल करकरलं. "खुर सडलं होतं. मागल्या पंधरवड्यात तांबडीचं, आता पांढरीचं. डॉक्टर देऊन गेला." मग जरा आवाज चढला. "गाय बरी व्हायला पायजे का नाय?"

"पायजेच की. पण औषध दुधात उतरतं. तेवढे दिवस ते दूध केंद्रावर घालायचं नसतं."

"मला कुणी सांगितलं नाय."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "मी बी नाय सांगितलं."

"सगळ्या शहराला सांगत फिरले," त्या पुढं म्हणाल्या, "माझ्या दादाला सांगायचं राहिलं. तुझं दही रोज ओट्यावर लागत होतं. मागं दोनदा पातळ झालं. मी विरजण बदललं."

बाहेर आल्यावर सेक्रेटरीनं कडूबाईसमोर हात जोडले. उद्या सकाळपासून दूध घेऊन ये म्हणाला. कडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दादांजवळ गेली आणि भोळेपणानं म्हणाली, "दादा, तुम्हीच धाडलं म्हणून झालं हो." तिनं ते उपकाराच्या भावनेनं म्हटलं होतं. दादांना मात्र ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. ते कुणाशी न बोलता जीपमध्ये जाऊन बसले. बहिणीकडं त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर किटली येणं थांबलं.

मॅडम कामावर येत, शिकवत, हसत, कंट्रोल कुठाय विचारत. पण शेखचाचा मला हळूच म्हणाले, "बेटा, मॅडम आजकल जुगनू को डांटते नहीं." दर रविवारी त्या गावाला जायच्या. त्या ओसरीवर बसल्या की दादा शेताकडं निघून जायचे. मग त्या वहिनीशी बोलायच्या, गाईंची खुरं बघायच्या. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी एक मोठं कॅलेंडर टांगलं आणि शेजारी दोरीला लाल पेन्सिल बांधली. सुई दिली त्या दिवसावर गोल करायचा, डॉक्टरला विचारून तितके दिवस पुढं दुसरा गोल, आणि मधलं दूध केंद्रावर न्यायचं नाही. पहिल्या तीन-चार रविवारी कॅलेंडर कोरंच होतं. पाचव्या रविवारी वहिनीनं केलेला एक गोल सापडला. त्याच्या पुढच्या खेपेला दोन होते, आणि दुसरा जरा वाकडा, दाबून काढलेला. "तो दादाचा," मॅडम मला सोमवारी सांगत होत्या. "लहानपणापासून पेन्सिल तोडायची सवय त्याची." हे सांगताना त्या इतक्या खुश होत्या की चहात साखर दोनदा घातली. गावातही कुणाकुणाच्या गोठ्यात तशी कॅलेंडरं दिसायला लागली, आणि केंद्रावर सेक्रेटरीनं फळ्यावर खडूनं लिहिलं, 'सुई दिलेल्या गाईचं दूध वेगळं ठेवावं.' मॅडम त्यालाही म्हणाल्या, "आमचा दिवा एकाच जातीचं औषध ओळखतो. दुसरं असलं तर तो गप्प बसंल. म्हणून दिव्यापेक्षा कॅलेंडरवर भरवसा ठेवा."

आणि मग पावसाळा सरता सरता, एका सकाळी अकराच्या सुमाराला, प्रयोगशाळेच्या दारात दादा उभे राहिले. पायात चपला होत्या. हातात बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली. मॅडम सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसल्या होत्या.

"पमे," दादांनी हाक मारली.

कॉलेजात त्यांना कुणी पमी म्हणू शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी डोकं वर केलं.

"पांढरीला पुन्हा सुई दिली होती. डॉक्टरनं सांगितलेलं दिवस भरलं. बघ बरं, नळी विझली का."

मॅडमनी बाटली घेतली. दोन तास दादा स्टुलावर बसून होते. पण ह्या वेळी चहा आला तेव्हा दादांनी तो बशीत ओतून प्यायला. मग बहीणभाऊ काळ्या खोलीत गेले. दार बंद झालं. मी आणि शेखचाचा बाहेर उभे. दहा मिनिटं काही ऐकू आलं नाही. मग दादांचा आवाज, काहीतरी पुटपुटल्यासारखा. मग मॅडमचं हसू, आणि त्यामागोमाग आणखी एक जाडंभरडं, खोकल्यात मिसळलेलं हसू.

शेखचाचांनी माझ्याकडं पाहून मान डोलावली. "अंधेरे में भाई-बहन हस रहे. रिझल्ट अच्छा है, लिख लो."

आत दादा काय म्हणाले, हे मी मॅडमना नंतर विचारलं. "काय म्हणणार? दहा मिनिटं झाल्यावर म्हणतो, पमे, काय बी दिसंना, माझे डोळे गेले का काय?"

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोप समारंभात त्यांच्याबद्दल बरंच बोललं गेलं. त्यांचं भाषण सर्वांत लहान झालं. त्या म्हणाल्या, "माणसं मुद्दाम खोटं वागतात असं मला पूर्वी वाटायचं. तपासायला लागल्यावर कळलं, बहुतेकांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. तेवढं सांगत जा." मग खाली बसल्या आणि नाश्त्यातल्या दहीवड्याचं दही कुठलं, अशी चौकशी करू लागल्या.

पुढं मला नाशिकला कायमची नोकरी लागली आणि माझं शहर सुटलं. फोन होतात. पण त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते शेवटचं, मी सामान घेऊन निघाले त्या दिवशी. जालन्याहून माझी मोटार येत होती आणि चिकलठाण्याजवळ सिग्नलला थांबली. समोरच्या बाजूला, जालन्याकडं तोंड करून, एक मोटारसायकल उभी होती. पुढं दादा. मागं मॅडम, डोक्याला हेल्मेट, हेल्मेटखालून निघालेला पदर कमरेला खोचलेला, आणि मांडीवर कॅलेंडरांची मोठी गुंडाळी. निवृत्तीनंतर ते दोघं आजूबाजूच्या गावांतल्या गोठ्यांत कॅलेंडरं टांगत फिरतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतंच. दादांना आता कमी ऐकू येत असावं, कारण मॅडम त्यांच्या कानाशी वाकून जोरजोरात काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि दादा मान मागं वळवून मन लावून ऐकत होते. मी काच खाली करून हाक मारली. गोंगाटात त्यांना ती ऐकू गेली नाही. सिग्नल सुटला. दोघांनाही पत्ता नव्हता. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. तेव्हा मॅडमनी वर पाहिलं, वाक्य पुरं केलं, आणि दादांच्या हेल्मेटवर बोटांनी दोनदा टकटक केलं. दादांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि ते दोघं शेंद्र्याच्या दिशेनं निघून गेले.